चहा मुकलाय

कुलूप लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा एकदा ओढून पाहिलं, आणि मंदाकिनी दिघे जिन्याच्या पहिल्या पायरीवर तशीच उभी राहिली. खाली उतरायचं तर कठड्याला हात लावायला हवा, आणि कठड्याला कुणाकुणाचे हात लागले असतील ते देवालाच ठाऊक. गेल्या मार्चपासून बडोद्यात तरसालीच्या या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी होती. दम्याची जुनी दुखणेकरी. ‘मंदाबेन, तमे तो घरेज रहेजो,’ असं साहेबांनी फोनवर सांगितलं, कंपनीच्या गाडीनं कॉम्प्युटर घरी आणून टाकला, आणि त्या दिवशी बाईंनी दार लावून घेतलं ते घेतलंच. भाजी दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर यायची. बटाट्यांना साबण, दुधाच्या पिशवीला साबण. एकदा तर तिनं वर्तमानपत्राला इस्त्री केली. हसू नका, त्या वर्षी चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांनी याहून अचाट प्रकार केले आहेत.

आता माघ लागला होता, आणि साहेबांचा पुन्हा फोन आला होता. सोमवारपासून कामावर या.

खरं सांगायचं तर सुरुवातीला तिला घरी बरं वाटलं होतं. सुटले बाई एकदाची, असंच ती म्हणाली होती. मकरपुऱ्याच्या त्या पंपांच्या कारखान्यात ती डिस्पॅचला. तिच्या टेबलाला लागून प्लायवूडची एक भिंत, आणि भिंतीपलीकडे स्टोअर. स्टोअरमध्ये प्रतापसिंहराव माने. म्हणजे शेजार असा की वैऱ्याला मिळू नये. माणूस फोनवर बोलायला लागला की पलीकडच्याला फोनची गरजच नसे. आजोबा म्हणे संस्थानच्या घोडदळात होते. घोडे गेले, आवाज राहिला. हिवाळ्यात खंडेराव मार्केटमधून ओल्या हरभऱ्याच्या जुड्या आणायचे आणि भिंतीवरून हिच्या टेबलावर टाकायचे. घाटे सुटून बिलांवर पसरायचे. रोज न चुकता विचारायचे, ‘बाईसाहेब, डब्यात काय आज?’ आणि रोज न चुकता चमचाभर उचलून न्यायचे.

आणि चहा! चहा आला की ते स्टीलच्या पट्टीनं भिंतीवर दोनदा वाजवत. टक टक. मागून तो आवाज.

“बाईसाहेब, चहा मुकलाय.”

मंदाकिनीच्या कपाळाला आठी. तिचे वडील रेल्वेत, बदली होऊन नाशकाकडून आलेले. मराठीच्या बाबतीत बाई कडक. “ठेवलाय म्हणावं, प्रतापसिंहराव. मुकलाय काय! गुजरातीत मुकतात. मराठीत मुकणं म्हणजे हातचं जाणं. डोळ्यांना मुकला, नोकरीला मुकला, असं म्हणतात.”

“ते तुमच्या नाशकात. आमच्या बडोद्यात चहा मुकतातच.”

हे एक दिवस नव्हे, वर्षानुवर्षं चाललं. इतकं की सुट्टीच्या दिवशी घरी चहा गाळताना तिला उगाच वाटायचं, आता कोणी चुकीचं बोलणार.

मग ते बंद झालं. पहिले काही महिने प्रतापसिंहरावांचा चहाच्या वेळेला फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. फोनवर नखानं टक टक, आणि मोठ्यानं हसायचे. ‘काय हा पोरकटपणा,’ असं म्हणून ती दोन मिनिटांत फोन ठेवायची, आणि मग उरलेला दिवसभर दुसऱ्या कुणाशी बोलायचं नसायचं. दसऱ्याच्या सुमाराला ते फोनही थांबले. आपण करावा, असं तिच्या शंभरदा मनात आलं. पण पलीकडून दुसऱ्याच कुणी उचलला तर? दुसऱ्या कुणी उचलून ‘कोण बोलतंय?’ असं हळू आवाजात विचारलं तर? कंपनीचा ग्रुप तर तिनं भर उन्हाळ्यातच सोडला होता. उघडावा तेव्हा कुणाचा तरी फोटो, हार घातलेला, खाली रांगेनं जोडलेले हात. सहन होईना. भिऊन सोडला.

सोडलेल्या त्या ग्रुपमध्ये आदल्या दिवशीच नयनाबेननं तिला परत घेतलं होतं. नयनाबेन म्हणजे हजेरी-पगार बघणारी, गुजराती असून मराठी शब्दन्‌शब्द समजणारी. आणि आता, मंदाकिनीचा एक हात कठड्यावर ठेवू की नको करत असताना, पर्समध्ये फोन थरथरला.

नयनाबेनचा मेसेज होता. ‘प्रतापभाई ऑफ. चावी अविनाशभाई पासे छे.’

खाली जोडलेले दोन हात. मग आणखी एकाचे जोडलेले हात.

बडोद्यात माणूस मरत नाही, ऑफ होतो. ‘काका ऑफ थई गया’ असं इतकं सहज म्हणतात की नव्या माणसाला वाटावं काका कामावरून सुटले. मंदाकिनीला चाळीस वर्षांत ते अंगवळणी पडलं होतं. आणि गेल्या वर्षात तर त्या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता. समोरच्या बंगल्यातले आजोबा ऑफ. इस्त्रीवाल्याची आई ऑफ. ऑफ म्हणजे ऑफ.

ती मटकन पायरीवर बसली. ज्या पायरीला पायाचा अंगठा लावायला भीत होती, त्याच पायरीवर चांगल्या कोऱ्या साडीनिशी बसली. प्रतापसिंहरावांचा नंबर लावला. पलीकडून ती रेकॉर्डवरची बाई गोड आवाजात बोलली, गुजरातीत, की आपण ज्यांच्याशी बोलू इच्छिता त्यांचा फोन स्विच ऑफ आहे.

“मेलीला दुसरा शब्द मिळेना,” मंदाकिनी म्हणाली. आणि मग तिला दम लागला. दम्याचा पंप काढून दोनदा तोंडात मारला तेव्हा कुठे श्वास आला.

नयनाला विचारायचं होतं. एक फोन, एक प्रश्न. पण विचारलं की उत्तर येणार. विचारलं नाही तोवर प्रतापसिंहराव कुठेतरी आहेत. विचारलं की संपलं. हा काही शहाणपणा नव्हे, तिलाही कळत होतं. पण भ्यालेलं माणूस असंच करतं, झाकलेल्या पातेल्यावरचं झाकण काढत नाही.

घरात परत जावं, दार लावून घ्यावं, असं अगदी तोंडाशी आलं होतं. पण घरात गेल्यावर तो मेसेज तिच्याबरोबर घरात येणार, आणि मग तो आणि ती, दोघंच. त्या विचारानं ती उठली. स्कूटर बाहेर काढली आणि निघाली.

रस्ता तोच, पण तिला प्रत्येक माणूस आपल्याच अंगावर येतोय असं वाटत होतं. सिग्नलला शेजारचा खोकला तर हिनं श्वास रोखून धरला. कारखान्याच्या फाटकावर वॉचमननं कपाळासमोर ते पिस्तुलासारखं यंत्र धरलं, तेव्हा तिनं डोळेच मिटले. आत सगळी तोंडं बांधलेली. नुसते डोळे. कोण हसतंय, कोण रडून आलंय, काही कळायला मार्ग नाही. दोन-तीन जणांनी लांबून हात वर केले. ‘आवो मंदाबेन, आवो’ झालं. पण जवळ कोणी आलं नाही, आणि कोणी यावं अशी तिची छातीही नव्हती.

तिचं टेबल होतं तिथंच होतं. प्लायवूडच्या भिंतीवर मात्र आता छतापर्यंत जाड प्लास्टिक ताणून बसवलं होतं. वरून हरभरे टाकायची सोय संपली. ती वळसा घालून स्टोअरच्या खिडकीशी गेली. ही खिडकी चिठ्ठी देऊन माल घ्यायची. आत प्रतापसिंहरावांची खुर्ची टेबलात नीट सरकवलेली. जन्मात त्यांनी खुर्ची आत सरकवली नव्हती. टेबल लख्ख पुसलेलं. कोपऱ्यात त्यांचा कप, बशीवर पालथा.

आणि पट्टी नव्हती.

मंदाकिनीनं खिडकीची कड घट्ट धरली. नंतर सॅनिटायझर चोळायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

रॅकच्या आडून अविनाश चव्हाण आला. स्टोअरमधला दुसरा माणूस तो, प्रतापसिंहरावांच्या हाताखालचा. कमरेला चाव्यांचा जुडगा. तो जुडगा तिनं आजवर एकाच कमरेला पाहिला होता.

“मंदाताई! आलात? बरं वाटलं.”

“अविनाश,” ती म्हणाली, “प्रतापसिंहराव...”

अविनाशनं मान हलवली. “काय सांगू ताई. एकट्यावर येऊन पडलंय सगळं. तुम्हाला माहितीय ना, त्यांच्यासारखं स्टोअर कुणाला जमणारंय? करून घेतोय सवय.” तेवढ्यात बाहेर ट्रकनं भोंगा दिला आणि तो चाव्या खुळखुळवत पळाला.

झालं. आता आणखी काय ऐकायचं राहिलं?

ती टेबलावर येऊन बसली. कॉम्प्युटर सुरू केला. बिलं समोर होती, आकडे होते, पण आकड्यांचा अर्थ लागत नव्हता. आजूबाजूला माणसं होती आणि एक शब्द नव्हता, म्हणजे घरी होतं तसंच. फक्त घरी तिला एक आशा होती, आणि ती काय आहे हे तिला आता कळत होतं. वर्षभर साबणानं बटाटे धुतले ते जगायला म्हणून. पण जगून जायचं कुठे होतं? या भिंतीशेजारी येऊन बसायचं होतं. त्या राक्षसी आवाजाला ‘ठेवलाय म्हणावं’ म्हणायचं होतं. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण जीव मुठीत धरून बसलो होतो, आणि तीच गेली. तिला मनापासून, लहान मुलासारखी भीती वाटली. रोगाची नव्हे. यापुढच्या सगळ्या दिवसांची.

चहाची वेळ झाली. चहा आता कोणी आणून देत नसे. दाराशी स्टुलावर कागदी पेले मांडत, ज्यानं त्यानं उठून आपला उचलायचा. सगळे उठले, उचलून आपापल्या जागी गेले, भिंतीकडे तोंड करून प्यायले. मंदाकिनी उठली नाही. ती भिंतीकडे कान लावून बसली होती. आपल्याला वेड लागतंय हे तिला समजत होतं, तरी बसली होती. भिंतीतून काही आलं नाही.

मग मात्र ती तडक नयनाबेनच्या टेबलाशी गेली. मध्ये काच होती. काचेच्या फटीपाशी तोंड नेऊन, आवाज होता होईल तेवढा सरळ ठेवून तिनं विचारलं, “नयना, बेसणं कधी आहे?”

बेसणं म्हणजे तिकडे मयताच्या घरी भेटायला बसतात ते. नयनाबेनचे डोळे मोठे झाले. “कोनुं बेसणुं?”

“प्रतापसिंहरावांचं.”

नयनाबेन ताडकन उभी राहिली. “हाय हाय! शुं बोलो छो मंदाबेन! शुभ शुभ बोलो!”

“तूच लिहिलंस ना सकाळी. प्रतापभाई ऑफ म्हणून.”

“ऑफ एटले ऑफ! रजा!” नयनाबेननं कपाळाला हात लावला. “अहो, आता दोन तुकड्या केल्यात. अर्धे लोक आज, अर्धे उद्या. आज त्यांची ऑफ आहे. चावी कुणाकडे ते मी रोज सकाळी लिहिते, नाहीतर ट्रकवाले माझं डोकं खातात. वाचलं की सगळे खाली हात जोडतात.” आणि ती हसायला लागली. डोळ्यांवरून कळत होतं, पोटभर हसत होती. मंदाकिनीला पाय टेकायला जागा मिळाल्यासारखं झालं, ती काचेला कपाळ लावून उभी राहिली.

मग नयनाबेनचं हसणं हळूहळू थांबलं.

“पण तुम्ही अगदी चुकीचं पण नाही घाबरलात,” ती म्हणाली. “दसऱ्याला आजारी पडले, दिवाळीत तर गेलेच होते. ऑक्सिजनवर होते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही. तुम्ही एकट्या, त्यात दमा. साहेब म्हणाले, गभराई जशे, कहेशो नहीं.”

मंदाकिनीनं काचेवरून कपाळ उचललं.

“वाचले. पण फुप्फुस गेलंय बरंचसं. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय, म्हणून घरी प्रेमलावहिनी त्यांचा फोनच बंद करून ठेवतात. कामावर येतात, बसतात, चिठ्ठीवर सही करतात. आवाज नाही राहिला, बेन. पट्टीसुद्धा उचलत नाहीत. अविनाशनं ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.” तिनं हजेरीचं रजिस्टर मिटलं. “पहिल्या दिवशी आले ना, तेव्हा माझ्याकडे येऊन काय विचारलं माहितीय? ‘बाईसाहेब ग्रुपमध्ये दिसत नाहीत. ऑफ तो नथी थया ने?’”

मंदाकिनीनं तोंडावरचा मास्क घट्ट दाबून धरला. आतून जे यायला बघत होतं ते बाहेर येऊ नये म्हणून.

मग ती म्हणाली, “माझी तुकडी कोणती?”

“आजची. साहेबांनी मुद्दाम घातलंय. आज माणसं कमी. उद्याच्या तुकडीत सगळा माल भरायचा असतो, त्याला प्रतापभाई लागतातच. कुठकुठले ड्रायव्हर येतात, तोंडाला काही बांधत नाहीत, खिडकीशी गर्दी. तुमच्यासाठी नाही ते.”

म्हणजे एक दिवस ती, एक दिवस ते. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, पण कधीच एका दिवशी नाही. असं किती दिवस, ते कुणीच सांगत नव्हतं. आणि दुसरी तुकडी म्हणजे कुठल्या कुठल्या गावांहून आलेले श्वास, तिच्या टेबलापासून हाताच्या अंतरावर. तिच्या डोळ्यांपुढे ऑक्सिजनची नळी आली. दम लागल्यावर कसं होतं ते तिच्याएवढं त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं.

“मला त्यांच्या तुकडीत टाक,” ती म्हणाली.

“मंदाबेन, गांडा थया छो? वेड लागलंय का?”

“हो. टाक म्हणते ना.”

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा दोन मास्क होते तोंडावर, आणि पंप पर्समध्ये नव्हे, हातात. नयनाबेननं सांगितलं होतं ते काही खोटं नव्हतं. फाटकाशी ट्रक उभे, ड्रायव्हर ओरडतायत, थुंकतायत. ती भिंतीला चिकटून आत गेली. प्लास्टिकच्या पलीकडे अजून कोणी नव्हतं. आजही नाही आले तर, असं तिच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याबद्दल तिनं स्वतःला शिव्या घातल्या.

मग पलीकडे पावलं वाजली. प्रतापसिंहरावांची पावलं वाजत नसत, आदळत. ही घासत येत होती. मध्येच थांबली. पुन्हा निघाली. खुर्ची मागे ओढल्याचा आवाज, आणि मग खोकला. सुका, लांबलेला, संपता संपेना असा खोकला. मंदाकिनीचा हात आपोआप मास्कवर गेला, खुर्ची मागे सरकली. वर्षभर ज्या आवाजाला ती भ्याली तोच हा आवाज, आणि तोच ऐकायला ती जिवावर उदार होऊन आली होती. तिनं खुर्ची परत पुढे घेतली. उठून बघायला जायचं धैर्य मात्र होईना. जे उरलंय ते बघवलं नाही तर?

चहाची वेळ झाली. पट्टी वाजली नाही. ती थांबली, थांबून पाहिलं. नाहीच.

मंदाकिनी उठली. स्टुलावरून तिनं दोन पेले उचलले. दुसऱ्याच्या पेल्याला हात लावायचा नाही, अशी पाटीच होती तिथे. कुणीतरी ‘बेन, बेन’ केलं. तिनं लक्ष दिलं नाही. वळसा घालून स्टोअरच्या खिडकीपर्यंत गेली, मान वर न करता एक पेला कडेवर ठेवला, आणि तशीच मागे फिरली. जागेवर येऊन बसली. घाईत तिचा अर्धा चहा बिलांवर सांडला होता.

ड्रॉवरमधून तिनं आपली पट्टी काढली. इतक्या वर्षांत या बाजूनं त्या भिंतीवर कुणी कधी वाजवलं नव्हतं. टक टक.

“प्रतापसिंहराव,” ती म्हणाली. आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हणाली, “प्रतापसिंहराव, चहा मुकलाय.”

पलीकडे काहीच नाही. श्वासाचा आवाजसुद्धा नाही. खुर्ची कुरकुरली, आणि पुन्हा सगळं शांत. बाहेर ट्रक मागे घेत होते. तिच्या मनात नको नको ते सगळं येऊन गेलं: ऐकू आलं नाही, कळलं नाही, उठताना पडले, ते नव्हेतच. पट्टी तिच्या हातात तशीच होती.

मग भिंतीवर एक टक झाली. बोटाच्या पेरानं मारलेली, हलकी. मध्ये एक लांब श्वास, ओढून ओढून घेतलेला. मंदाकिनीचाही श्वास तेवढा वेळ अडकून राहिला. मग दुसरी टक.

आणि त्या राक्षसी आवाजाची नुसती साल उरावी अशा घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द उचलून ठेवत, पलीकडून आलं,

“ठेवलाय... म्हणावं... बाईसाहेब.”